ओट्याची उंची

मेहरूण भागात आमच्या शेजारची मुलगी इंटिरियर डिझाइन शिकली आणि लॅमिनेटच्या दुकानात नमुने दाखवायला लागली. तिथंही ती गिऱ्हाइकाला आधी विचारते, "स्वयंपाक कोण करतं? उंची किती?" आमच्या सोफ्यासाठी तर तिनं माझ्या ढेरीचं माप घेतलं होतं.

तिच्याच घरी नवा ओटा बांधायचा होता, तेव्हा तिनं बुटक्या आईच्या मापाचं ड्रॉइंग काढलं. वडील म्हणाले, "मिस्तरीले बठ्ठं समजतं. तू राहू दे."

आता आई पाटावर उभी राहून भाकरी थापते. परवा पाट सरकला, ती पडता पडता वाचली.  मुलीनं पाटाखाली रबर ठोकलं.

वडील मला कौतुकानं म्हणाले, "देखा भाऊ, पोरीचं शिक्षण कामाले आलं!"