ओट्याखालचा नमस्कार

बातमी आली तेव्हा मी दुकानात पाइप कापत होतो. शहापूरच्या बाजारात माझं हार्डवेअरचं दुकान आहे, आणि सकाळी गिऱ्हाइकांची घाई असली की मी फोन उचलत नाही. पण स्क्रीनवर भाच्याचं नाव होतं, आणि अमोल आधी मेसेज टाकल्याशिवाय कधी फोन करत नाही. “मामा, डॅड गेले,” तो म्हणाला. रोजच्यासारखे समुद्रावर फिरायला गेले होते, दमले म्हणून बाकावर टेकले, आणि तिथेच... मागून ताईचा आवाज येत होता. आलेल्या कुणाला तरी ती चहात साखर किती घालू, असं विचारत होती. माझी बहीण तशीच आहे. जन्मभर नर्सचं काम केलं. स्वतःच्या घरात माणूस गेला तरी आधी आलेल्यांचं हवं-नको बघणार. मी पाइप अर्धवट कापलेला तसाच ठेवला, बाहेर आलो आणि शटर ओढून कुलूप लावलं. आतून धडाधडा आवाज आल्यावर लक्षात आलं की गिऱ्हाईक आतच राहिलंय. हे भाऊजींना सांगता आलं असतं, तर ते भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले असते.

भाऊजी म्हणजे कॉलिन. ऑस्ट्रेलियातल्या एका गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा आणि पेशाने फुटबॉलपटू. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. यांच्या देशातला हा खेळ वेगळाच. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, पपईसारखा. मैदान एवढं मोठं की आमच्या भावकीची सगळी भातखाचरं त्यात मावतील. चेंडू हातात धरून पळायचं, पायाने मारायचा, मुठीने ढकलायचा, आणि समोरच्याने पळणाऱ्याला आडवा पाडायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू गेला तर सहा गुण, आणि नेम चुकून तो बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण! चुकल्याबद्दल गुण देणारा हा नियम आमच्या गावाला फार आवडला. माझा चुलतभाऊ दामू म्हणाला, “ह्यो नियम आमच्या शाळंत असता, तर मी मॅट्रिक झालो असतो.”

भाऊजी होते सव्वासहा फुटांच्याही वर, म्हणून संघात त्यांना उडी मारण्याचं काम. खेळ सुरू होताना पंच चेंडू जमिनीवर जोरात आपटून आभाळात उडवतो, आणि दोन्ही बाजूंचे सगळ्यात उंच गडी समोरासमोरून धावत येऊन त्याच्यावर झेप घेतात. वर चेंडूला हात कुणाचाही लागो, खाली गुडघ्यावर गुडघा आपटतोच. भाऊजींनी हे काम वर्षानुवर्षं केलं, आणि पगार घेऊन केलं. मिसरूड फुटायच्या वयात शहरातल्या मोठ्या क्लबाने त्यांना उचललं, तेव्हापासून खेळ हीच नोकरी. त्या नोकरीचा पहिला धडा त्यांना एका जुन्या खेळाडूने दिला होता, तो ते नेहमी सांगायचे. कुठे दुखतंय ते कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की समोरचा नेमका तिथेच येऊन धडकतो.

हा धडा ते इतका पाळत की अंतिम सामन्यात मध्यंतराआधीच गुडघा गेला, तरी पट्टी बांधणाऱ्या माणसाखेरीज कुणाला कळू दिलं नाही. शेवटपर्यंत उड्या मारत राहिले. अगदी शेवटी दोन्ही संघ बरोबरीत असताना उंच आलेला चेंडू यांनी झेलला. असा झेल घेतला की निवांत उभं राहून चेंडू मारायला मिळतो. समोर मधले खांब, सगळं मैदान श्वास रोखून, आणि यांनी मारलेला चेंडू सरळ जाऊन... चुकला. दुखऱ्या पायाने ऐन वेळी दगा दिला आणि चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला. एक गुण. भोंगा वाजला आणि यांचा संघ त्या एका गुणाने कप जिंकला. तिकडे लोक त्यांना रस्त्यात अडवून त्याच किकबद्दल विचारायचे. आमच्याकडे आल्यावर ते छाती काढून सांगायचे, “मी चुकलो, म्हणून आमी जिकलो.” मराठी ताईने शिकवलेलं, त्यामुळे ते मेलबर्नला राहून थेट आमच्या डोळखांबकडचं मराठी बोलायचे.

तो सामना त्यांचा शेवटचा ठरला. त्यानंतरच्या ऑपरेशनच्या वॉर्डात ड्यूटीवर होती आमची मंदाताई. डोळखांबच्या पुढच्या आमच्या गावातून मुंबईला नर्सिंग शिकायला गेलेली, तिथून आखातात, तिथून ऑस्ट्रेलियात. सारं शहर ज्याचे फोटो भिंतीला लावत होतं, त्या माणसाला तिने दुसऱ्याच दिवशी हाताला धरून उभं केलं आणि सांगितलं, ओरडायचं असेल तर ओरडा, पण दारापर्यंत चालायचं. पुढे लग्न करूनच तिने पत्र पाठवलं. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते पत्र वाचून घडी घातली आणि गोठ्यातला बैल बाहेर बांधायला निघून गेले. आबा स्वतः पंचक्रोशीतले नावाजलेले कबड्डीपटू. परका माणूस, परका धर्म, हे एक वेळ त्यांनी गिळलं असतं. पण मुलीने विचारलं नाही, हे फार लागलं होतं.

तरी पहिल्यांदा दोघं गावी आली तेव्हा आबा नवं धोतर नेसून आंगणात उभे होते. सगळी भावकी जमलेली. ताई वाकली, आबांच्या पाया पडली. आता जावयाची पाळी. भाऊजींनी दोन्ही हात जोडले, मान तुकवली आणि ताठ उभे राहिले. आबा वाट बघत राहिले... आंगणातली कोंबडीसुद्धा गप्प झाली असावी. मग माझी काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशी कुजबुजली, “वाकला बी नाय गो!” आबा वळले आणि आत गेले.

त्यानंतर कित्येक वर्षं आबा जावयाशी एक शब्द सरळ बोलले नाहीत. दर डिसेंबरला, तिकडच्या उन्हाळी सुट्टीत, ती दोघं यायची, पुढे अमोलला घेऊन यायची. पाहुणचारात कसूर नव्हती. गावठी कोंबडा कापला जायचा, नाचणीची भाकरी गरम गरम वाढली जायची. पण जावई समोर बसलेला असताना आबा मला विचारणार, “पाव्हन्याला इचार, रस्सा घेतो का?” आणि भाऊजी मला सांगणार, “आबांना सांग, घेतो.” मी मधल्या मध्ये टेलिफोनची तार. भाऊजी पंगतीत खाली न बसता दाराजवळ खुर्ची घेऊन जेवायचे, त्याचंही आबांना वाईट वाटायचं. “खुर्चीतला सायब,” ते पुटपुटायचे. सायब मात्र दर खेपेला आमच्या बुटक्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेऊन “आई गो!” म्हणायचा, आणि आबा तोंड फिरवून हसायचे. ते हसणं मी पाहिलंय, म्हणून सांगतो, माणूस त्यांना आवडत होता. त्यांना फक्त तो एक नमस्कार हवा होता.

मी ताईला एकदा विचारलंही, की त्यांना पाया पडायला सांगत का नाहीस? ती उसळली. “हात जोडून उभं राहिले ते आबांना दिसलं नाय? आजून काय पायजे?” ती आबांचीच मुलगी. खरं कारण तिला माहीत होतं आणि ते सांगू नये, असं भाऊजींनी तिला बजावलं होतं. सासरा खेळाडू. त्याच्यासमोर आपण मोडका म्हणून उभं राहायचं नाही, असा त्यांचा हट्ट. उन्हात घामाघूम होतानाही ते गावात कधी हाफ पँट घालत नसत, याचं आम्हाला नवल वाटायचं. आम्ही समजायचो, डासांना घाबरतात.

गाठ सुटली ती अमोलमुळे. तो तेव्हा पहिलीत होता. त्याला ताईच्या मोबाइलवर त्या अंतिम सामन्याचा व्हिडिओ सापडला, आणि एका दुपारी ओट्यावर त्याने तो आजोबांपुढे धरला. आबांनी चष्मा चढवला. आधी नुसतंच बघत होते. मग पुढे सरकले. दोन गडी हवेत एकमेकांना धडकले, तसं त्यांच्या तोंडून “अरं बापरे” निघालं. जरा वेळाने म्हणाले, “थांबव. मागं घे. परत दाव.” अमोलने परत दाखवलं. आबा हळूच म्हणाले, “ह्यो डाव्या पायावर उतरत नाय. गुडगा गेलाय ह्याचा.” मग मान वर करून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, त्यांनी जावयाला सरळ प्रश्न केला. “कवापासून?”

भाऊजी खुर्चीत बसले होते. त्यांनी ताईकडे पाहिलं, मग हसले. “आबा, तुमी बघितला. तिथं कोणीच नाय बघितला.”

“आमी पयलं त्येच बघायचो. समोरचा कंच्या पायानं लंगडतो त्ये,” आबा म्हणाले. “पँट वर कर.”

भाऊजींनी पँट गुडघ्यांच्या वर गुंडाळली. दोन्ही गुडघ्यांवर टाक्यांचे व्रण, एकावर एक, जुन्या गोधडीसारखे. ताईने मग सगळं सांगून टाकलं: कंबरेत स्क्रू बसवलेत, खाली वाकले तर वर उठवायला दोन माणसं लागतात.  आबांनी व्रणांवरून बोट फिरवलं, जसं एखादा आपल्या बैलाच्या खुराला लागलं की बघतो. मग ते उठले आणि एकदम करड्या आवाजात म्हणाले, “खाली उतर. आंगणात जा.”

 ताईचा चेहरा उतरला. भाऊजी मात्र मुकाट्याने पायऱ्या उतरून आंगणात गेले. आबा ओट्याच्या अगदी कडेला येऊन उभे राहिले, धोतर सावरलं, पायांचे अंगठे कडेच्या बाहेर आले. ओटा आमचा उंच. आबांची पावलं बरोबर भाऊजींच्या कंबरेशी आली. “आता पड पाया,” आबा म्हणाले. “वाकू नको.” भाऊजींनी ताठ उभं राहून दोन्ही हातांनी त्यांची पावलं धरली. आबांनी वरून त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. जमिनीवर उभं राहून त्या डोक्यापर्यंत त्यांचा हात कधी पोचलाच नसता. काकू पदराने डोळे पुसत म्हणाली, “मी तवाच म्हनलं हुतं, पोर गुणाचं हाय.” इतका हशा झाला की शेजारचे धावत आले.

त्या दिवसापासून सासरा-जावयाचं जे गूळपीठ जमलं, त्यात आम्हाला जागाच उरली नाही. आबांनी सुताराकडून पाय लावलेला उंच पाट करून घेतला आणि भाऊजी पंगतीत बसू लागले. सगळ्यांच्या वर, देवळातल्या मूर्तीसारखे. भात कापून झालेल्या खाचरात भाऊजींनी पोरांना आपला खेळ शिकवला. चार-चार खांब माझ्या दुकानातल्या पाइपांचे. पंच आबा. चेंडू धसकटांच्या जमिनीवर आपटून उडत नाही म्हणून आबा तो दोन्ही हातांनी वर फेकायचे, आणि कबड्डीतल्यासारखं मधेच ओरडायचे, “गडी बाद!” या खेळात कुणी बाद होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? भाऊजी बांधावर उभे राहून नेम चुकलेल्या पोरासाठीही टाळ्या वाजवायचे. पुढे आम्ही जुनं घर पाडून स्लॅबचं बांधलं. गवंडी म्हणाला, ओटा खाली घेऊ, म्हाताऱ्या माणसाला चढ-उतर कशाला? आबा म्हणाले, आधी मेलबर्नला फोन लाव. भाऊजींनी तिकडे ताईकडून टेप धरून स्वतःची कंबर मोजून घेतली, आणि ओटा तेवढाच उंच झाला.

गेल्या आठवड्यात ताई आणि अमोल आले. मीच त्यांना घ्यायला गेलो होतो. ताई वाटेत बाजारात थांबून सगळ्यांसाठी फळं घेत राहिली.  आबा आता नव्वदीला टेकलेत, काठीशिवाय उठत नाहीत. जावई गेल्याचं मी त्यांना त्याच दिवशी सांगितलं होतं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “माज्या आधी गेला... देवाचा नेम चुकला रे.” गाडीचा आवाज ऐकून ते उठले आणि ओट्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मी गाडीतूनच ओरडलो, “आबा, बसा, पडाल!” ते बसले नाहीत.

ताई पायऱ्या चढून वर गेली आणि त्यांच्या गळ्यात पडली. एरवी धावत वर जाऊन आजोबांना मिठी मारणारा अमोल मागे राहिला. बापासारखाच उंच झालाय तो. आंगणातून चालत ओट्याखाली आला, ताठ उभा राहिला, आणि त्याने दोन्ही हातांनी आजोबांची पावलं धरली.

आबांनी दचकून खाली पाहिलं. “मंदे, ह्याचं गुडगं बरं हायत ना गो?”

“बरे हायत, आबा. मागच्या वर्षी माहुलीचा किल्ला चढून आला की,” ताई म्हणाली.

“मग वाकत का नाय ह्यो?”

अमोल गोंधळला. पावलं न सोडता त्याने वर पाहिलं. “म्हणजे? डॅड असंच करायचे ना? आपल्याकडे असंच करतात ना, आबा?”

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ तो हात उचललाच नाही. मग म्हणाले, “व्हय रे. आपल्याकडं असंच.”