वर धरलेला पदर

न थांबणारी गाडी आली की ती शेजारच्याचं मनगट धरायची आणि घट्ट धरून झाल्यावर विचारायची, “धरू का, बाबा?”

सकाळच्या शटलनं नाशिकरोडला जाणारे आम्ही मोजके लोक. तुम्हीही कधी आमच्यात उभे राहिला असाल, तर तुमचंही मनगट तिच्या हाती गेलं असेल. आमचं स्टेशन म्हणजे एक फलाट, एक पिंपळ आणि बंद नळ. बरेच मोठे लोक आमच्याकडे बघतात तशाच मोठ्या गाड्याही बघतात; म्हणजे बघत नाहीत.

ती झेंडू विकायला बाजारात जायची. एवढी भीती वाटते तर एसटीनं जा, असं मी एकदा म्हणालो.

“एष्टीत पाट्या घेत नाय,” ती म्हणाली. “आन् भीती माझी नाय, बाबा. ह्यांची हाय.”

‘हे’ म्हणजे तिचा नवरा. मळा रुळांपलीकडे. ती पहिली पाटी घेऊन आधी येई, उरलेली फुलं तोडून तो दुसरी पाटी आणी. कानांनी ठार बहिरा. एकदा तो डावीकडे बघत असताना गाडी उजवीकडून आली, थोडक्यात वाचला. तेव्हापासून तिनं त्याला बजावलं होतं, की रुळांकडे बघूच नका, माझ्याकडे बघा. पदर वर धरला की थांबायचं. पदर दिसला नाही की यायचं. तोही निमूट तेवढंच पाळायचा. लग्नाची इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याचं दुसरं काय उरतं, असं आम्ही हसून म्हणायचो.

मग पादचारी पूल झाला. सगळ्यांत जास्त आनंद तिला. पण उद्घाटनापूर्वी त्यावर पाऊल ठेवायचं नव्हतं. जिन्याला लाल फीत, कठड्यांना तिच्याच झेंडूच्या माळा, आणि फलाटाच्या कडेला पाहुण्यांचं भलंमोठं फ्लेक्स. पाहुणे स्वतः अजून वाटेत होते. लोक नेहमीसारखे रूळ ओलांडत होते.

एक्सप्रेसची घोषणा झाली. तिनं पदर वर केला आणि तिच्या लक्षात आलं, की समोर फ्लेक्सवरचं पाहुण्यांचं हसरं तोंड आहे. पलीकडून पदर दिसणारच नव्हता. आणि पदर दिसला नाही की यायचं.

ती ओरडली नाही. ओरडून ऐकणार कोण होतं? ती जिन्याकडे धावली. कार्यकर्ता म्हणाला, “ओ मावशी, फीत हाय.” फीत तुटली. मी तिच्या मागे चढलो. वरून दिसलं ते असं, की तो डोक्यावर पाटी घेऊन खडीवर उतरला होता आणि फलाटावर तिला शोधत पुढे येत होता.

तिनं एका हातानं पदर उंच धरला, दुसऱ्या हातानं माझं मनगट. या वेळी विचारलं नाही. त्यानं मान वर केली की नाही हे कळायच्या आत गाडी पुलाखाली शिरली. डबे संपेनात. पूल थरथरत होता.

गाडी गेली. रुळांच्या पलीकडेच तो उभा होता, पाटी डोक्यावर, नजर पदरावर. पदर अजून वरच होता, म्हणून तो थांबलेला.

नंतर नवी फीत बांधून पाहुण्यांनी ती कापली. टाळ्याही झाल्या.

ती मात्र पुन्हा आली नाही. फुलं आता शेजाऱ्याच्या टेम्पोतून जातात म्हणे. लोक अजून खालूनच रूळ ओलांडतात. आणि न थांबणारी गाडी आली की मी शेजारच्याचं मनगट धरतो. विचारायचं राहून जातं.