डोळे मिटून सोडलेली मिश्री

शेजारणीच्या तव्यावर तंबाखू भाजायला लागली, की कोल्हापूरच्या आमच्या याच स्वयंपाकघरातली ती दुपार आठवते. माझ्या गालात आतून पांढरा डाग निघाला होता. डॉक्टरांनी मिश्री बंद करायला सांगितली, तशी मी रडत बसले. थोरली जाऊ म्हणाली, “एकटी कशाला, मीबी सोडतो की!” आणि तिनं देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. पुतणीनं संमोहन करणाऱ्या बाईंचा व्हिडिओ कॉल ठरवून दिला. पिठाच्या डब्याला फोन टेकवून आम्ही दोघी डोळे मिटून मांडीला मांडी लावून बसलो. परड्यात म्हैस हंबरत होती, आणि फोनमधून बाई संथ आवाजात सांगत होत्या, “आता मिश्रीचा वास येईल, मळमळायला लागेल.” वास खरंच आला. मला वाटलं, लागलं संमोहन! पण वास वाढतच गेला, ओकारी येईल म्हणून मी डोळे उघडले, तर जाऊ पदराआड हिरडीवरून मिश्रीचं बोट फिरवत होती. “त्या बाईला काय कळतंय गं!” ती हळूच म्हणाली. माझी मिश्री त्या दिवशीच सुटली. तिची अजून चालू आहे. आजही आम्ही एकाच चुलीवर रांधतो, पण तिच्या शेजारी बसून मी पुन्हा कधी डोळे मिटले नाहीत.