मल्चिंगच्या कागदाची घडी

काल सकाळी बांधावर आले, तर माझी धाकटी जाऊ सुमन मल्चिंगच्या कागदाशी झटत होती. कलिंगडं निघाली की वाफ्यांवर अंथरलेला हा प्लॅस्टिकचा कागद कामातून जातो. मागच्या उन्हाळ्यात तिनं तो बांधावरच पेटवला आणि त्याची काजळी माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांवर बसली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. वर्ष झालं की हो!

यंदा जुनं प्लॅस्टिक न्यायला गावात टेम्पो येतो. ते वितळवून नवं काहीबाही करतात म्हणे. पण माती झटकून, घडी घालूनच द्यावं लागतं. आता एवढा लांब कागद एकटीला कसा आवरणार? इकडून धरला की तिकडून वाऱ्यावर उडायचा.

मला हसूच आलं. लुगडं म्हणा, गोधडी म्हणा, काही घड्या एकट्या माणसाच्या नसतातच. दुसऱ्या टोकाला कुणीतरी लागतं, आणि कितीही रुसलेलं असलं तरी घडी घालताना त्याला चालत जवळ यावंच लागतं.

मी जाऊन टोक धरलं. दोघींनी कागद झटकला, तशी सगळी माती माझ्याच तोंडावर उडाली.

“अक्का, डोळे मिटा की!” सुमन ओरडली. वर्षातलं पहिलं वाक्य!

घड्या घालत आम्ही समोरासमोर आलो. माझ्या हातातलं टोक घेताना तिनं हळूच विचारलं, “यंदा कुरडया केल्या का?”

“केल्यात. पांढऱ्याशुभ्र वाळल्यात,” मी म्हटलं. “टेम्पो गेला की ये. तळते.”