फाशात छरे नसतात

माझ्यासारख्याने लिहायला बसावे हे मलाच अजून उद्धटपणाचे वाटते. आमच्या पालात माझ्याआधी कुणी पेन धरले नव्हते. भाषा चुकली तर माफ करा. खोटे लिहिणार नाही.

बार्शी रस्त्याला फॉरेस्ट ऑफिसच्या अंगणात माझ्या बाला उकिडवे बसवले होते. आम्ही पारधी. तितर धरायचे त्याचेच फासे गार्डाने त्याच्या गळ्यात अडकवले होते. एस.टी.ला थांबलेली माणसे बघून हसत होती. पुढ्यात मेलेला माळढोक, बाच्याच धोतराच्या फाडलेल्या पदरात.

मी सोलापुरात कॉलेजात होतो. रानातले प्राणी-पक्षी वाचवायच्या नव्या कायद्याचे सुट्टीत मीच बाला सांगितले होते. माळढोक मारला तर आता कुणालाच सोडणार नाहीत, जीपमधून शिकार करणाऱ्यालाही. बा खूश झाला. अंड्यावरची मादी फाशात आली तर सोडून द्यायची ही आमची रीत. ती सरकारलाही पटली, असे त्याला वाटले.

म्हणून गावच्या बागायतदाराच्या जीपमधून बार उडाला, माळढोक पडला, तेव्हा बा लपला नाही. जीप गेल्यावर तडफडणारा पक्षी उचलून तो स्वतःच ऑफिसात घेऊन आला. पक्षी वाटेत मेला. गार्डाने बालाच धरले.

निरोप मिळाला तसा मी सोलापुराहून एस.टी. धरून आलो. बा एकच सांगत होता, "तितर धरतो, ते कबूल हाय. ह्यो म्या मारला न्हाय."

गार्ड म्हणाला, "पारध्याच्या हातात पक्षी घावला. आनि काय पायजे?"

अंगणात टेबल टाकून बसलेले फॉरेस्टचे साहेब माझ्याकडे वळले. "शिकतोस ना? बापाला कबूल व्हायला सांग. लवकर सुटेल."

बा माझ्याकडे बघत म्हणाला, "तू म्हनशील तसं."

मी खाली बसलो. पिसे बाजूला केली, जखमेतून नखाने छरा काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"फाशात छरे नसतात, साहेब."

गार्डाने कानाखाली मारली. "पारध्याचं पोर आमाला कायदा शिकवतंय."

मी मान खाली घातली नाही. छरा उचलून मुठीत घेतला. बाच्या गळ्यातले फासे काढले. बाला तरी नेलेच. पक्षी त्यांनी संध्याकाळच्या आत जाळून टाकला, आतल्या छऱ्यांसकट.

काल आईचा निरोप आला. बाला शिक्षा झाली. आणि माळावरच्या प्राण्यांचा मानद रक्षक म्हणून त्याच बागायतदाराला नेमले. हार घालून.

बी.ए. झाले की मी वकिली शिकणार. तो कायदा मला मोडायचा नाही. माळढोकाला तो हवाच. मला तो त्या जीपपर्यंत न्यायचा आहे.