हातावरची चटणी

सात रस्ता चौकात वैजयंतीचं कडक भाकरी आणि शेंगा-चटणीचं दुकान आहे. कुणीही आलं की ती आधी म्हणते, ‘‘हात करा,’’ आणि तळहातावर चिमूटभर चटणी ठेवते. त्या हातावरूनच गिऱ्हाईक काय नि किती घेणार हे आपण ओळखतो, असा तिचा दावा. मोहोळहून लग्न होऊन आली तेव्हा घरात एक उखळ होतं आणि हिच्या अंगात रग होती. बाकीचं सगळं तिनं त्यावर उभं केलं. त्यामुळं तिच्यापुढं शहाणपण मिरवायची कुणाची टाप नाही.

मिरवलं ते तिच्याच पोरीनं. पायल बारावी झाली आणि म्हणाली, आधी समाजशास्त्र घेऊन बी.ए., मग एमबीए. वैजयंतीला वाटे, पोरीनं बीबीए करावं आणि तडक गल्ल्यावर बसावं. कुटून कुटून तिचा खांदा कामातून गेला होता, पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

‘‘बी.ए. करून काय दिवे लावणार हाईस? दुकान चालवायचं तर धंद्याचंच शीक की.’’

‘‘धंदा एमबीएत शिकेन. आधी माणसं शिकू दे.’’

‘‘माणसं मी रोज बघती. हात बघितला की कळतंय.’’

प्रवेशाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. दोघी दुकानात तोंड फुगवून बसलेल्या, तेवढ्यात निंगव्वा आली. अक्कलकोटकडची ही म्हातारी दवाखान्याला आली की हमखास चटणी चाखायची, मान डोलवायची आणि काही न घेता चालू पडायची. वैजयंतीच्या लेखी ती पक्की फुकटी. आजही वैजयंतीनं तिच्या हातावर चटणी ठेवली आणि ती दुसरीकडं बघू लागली.

म्हातारी चाखून निघाली, तशी पायल मात्र उठून तिच्यामागं गेली. दुकानात भाकरी थापणाऱ्या चंद्रव्वाकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या कानडीत तिनं विचारलं, आवडते तर घेत का नाही?

निंगव्वा आधी लाजली. मग तोंड उघडून दाखवलं. ‘‘हल्ल इल्ल, यव्वा.’’

दातच नव्हते. शेंगदाण्याचे कण हिरड्यांना टोचायचे. चव चोखून उरलेलं ती कोपऱ्यावर गुपचूप टाकून द्यायची.

पायलनं तिला आणून स्टुलावर बसवलं, चटणी पुन्हा उखळात घातली आणि अगदी मऊ होईस्तोवर कुटली. निंगव्वानं बोट चाटलं, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. मग तिनं चांगला मोठा पुडा बांधून घेतला, गावातल्या आपल्यासारख्याच बोळक्या मैत्रिणींसाठीसुद्धा.

वैजयंती बघतच राहिली. पोटची पोर तिला आज अनोळखी वाटली, केवढी तरी मोठी. इतकी वर्षं आपण या म्हातारीच्या हातावर चटणी ठेवली आणि तोंडाकडं एकदाही बघितलं नाही, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

‘‘हे असलं बी.ए.त शिकवत्यात व्हय गं?’’ तिनं हळूच विचारलं.

‘‘माहीत नाही,’’ पायल म्हणाली. ‘‘म्हणून तर जायचंय.’’

वैजयंतीनं तिच्या हातातलं मुसळ काढून घेतलं. खांदा ठणकत होता. ‘‘जा मग. एमबीए बी कर. तवर मी हाय की.’’

पुढचं गिऱ्हाईक आलं. ‘‘हात करा,’’ म्हणता म्हणता ती थांबली, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाली, ‘‘बसा की जरा.’’