एक लाख तेरा

छापखान्यात त्यांना सगळे तपासनीस म्हणत. पगार मिळे तो काना, मात्रा, वेलांटी पाहण्याचा. पण गणिताचं पुस्तक हाती आलं की ते त्यातली उदाहरणंही सोडवून पाहत. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. खोड, दुसरं काय!

एका वर्षी मोठ्या शाळेतल्या सरांचं पुस्तक छपाईला आलं. त्यात एक वाक्य होतं : ‘१,००,०१३ ही मूळ संख्या आहे.’ म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कुणाचाच पूर्ण भाग जात नाही. तपासनिसांनी प्रूफाच्या कोऱ्या बाजूवर भागाकार मांडले. सातने जाईना, तेराने जाईना, सत्त्याण्णवनेही जाईना. सर इथेच दमले असणार. तपासनीस पुढे गेले. एकशे एकने भागलं, बाकी तेवीस. एकशे तीनने भागलं, बाकी शून्य! १०३ गुणिले ९७१. शंभरीपलीकडे दोन पावलं टाकायची होती, तेवढीही त्या विद्वानाच्याने टाकवली नाहीत.

त्यांनी समासात प्रश्नचिन्ह केलं. मालकांनी ते खोडलं.

"सरांना गणित शिकवणार तुम्ही? मूळ प्रतीत आहे तसं जाऊ द्या."

तपासनिसांनी निमूटपणे सही केली. घरी मात्र मुलीला सगळे भागाकार करून दाखवले. पोरीने टाळ्या पिटल्या.

वर्षभराने त्याच मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत तोच प्रश्न आला : ही संख्या मूळ आहे का? मुलीने ‘नाही’ लिहून दोन्ही अवयव दिले आणि पदरात शून्य पडलं. जागा एका गुणाने हुकली.

तपासनीस तिला घेऊन सरांकडे गेले. मुलीने फळ्यावर गुणाकार करून दाखवला. सरांनी तो पाहिला, चांगला दोनदा पाहिला. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने फळा पुसला.

"पुस्तक छापखान्यात नीट तपासून घेतलंय," ते म्हणाले. "पण मुलगी हुशार दिसते. ‘माझं चुकलं, ती मूळ संख्या आहे’ एवढं लिहून देऊ दे. एक गुण वाढवतो."

मुलीने बापाकडे पाहिलं. आता बाबा बोलणार, अशी तिची खात्रीच होती. तपासनिसांच्या जिभेवर आलंही होतं, की तपासणारा मीच, आणि चूक तेव्हाच दाखवली होती. पण बोललं तर जागा जाणार, आणि मालकांच्या कानावर गेलं तर नोकरीही. अडला हरी गाढवाचे पाय धरी, दुसरं काय!

"लिही बाळा."

"पण बाबा, खोटं आहे ना ते?"

"लिही म्हटलं ना!"

तिने लिहिलं. जागा मिळाली. तपासनिसांना आपली लाज वाटली आणि जागा मिळाल्याचा आनंदही झाला. आनंद झाला याची जास्त लाज वाटली.

शाळा सुरू झाली. एका संध्याकाळी पोरगी वहीवर डोकं धरून बसली होती. गणित काही सुटत नव्हतं.

"आण इकडे, बघू," तपासनीस म्हणाले.

तिने वही मिटली.

"राहू द्या बाबा. उत्तर मागे छापलंय."